‘गेलड’ आणि घटस्फोटितेचे प्रेम

घटस्फोटित आई आणि तिच्याहून वयाने लहान पुरुष यांच्या प्रेमाचा विषय मराठी समीक्षा बहुधा ‘आधुनिक स्त्रीचे बंड’ या सदरात टाकून मोकळी होते. ही वर्गवारी मुळातच तपासून पाहिली पाहिजे. विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) मधील अचलेचे सहजीवन विवाहाबाहेर राहते, कारण तिच्या वर्गाला तेव्हा घटस्फोटाची वाटच नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४७ च्या कायद्याने खुली झाली. परंतु हा वर्ग म्हणजे समग्र मराठी समाज नव्हे.

अंबरनाथ व बदलापूर यांमधील चिखलोली आज धरणामुळे आणि कारखान्यांमुळे ओळखीचे आहे. मात्र ज्या आगरी-कुणबी मुलखातले हे गाव, तेथे पाटाची चाल जुनीच. काडीमोड, पाट, मोहतूर हे शब्द कोणा सुधारकाने घडविलेले नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही कलम २९ (२) अन्वये रूढीसिद्ध काडीमोडीला धक्का लावला नाही. एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९२०-२२) नोंदविलेली एक रीत तर फार बोलकी आहे. अविवाहित पुरुषाला पाट लावावयाचा असल्यास काही जातींत आधी त्याचे लग्न रुईच्या झाडाशी लावीत. युक्ती हास्यास्पद खरी. पण अशी जोडी संभवते याची कबुली तीत आहे. कादंबरीने ती क्वचितच दिली.

म्हणून रूढीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाट लग्नाहून हलका मानीत, तो पुष्कळदा रात्री लावीत, आणि आईबरोबर नव्या घरी आलेल्या मुलाला ‘गेलड’ म्हणत. खरा पेच या शब्दात आहे. वयातील अंतर हा त्यामानाने चघळण्याचा विषय. आशा भोसले आणि राहुलदेव बर्मन यांच्या १९८० मधील विवाहाविषयी लिहिताना सहा वर्षांचे अंतर हमखास मोजले जाते; वधू तीन मुलांची आई होती, हे ओघात येऊन जाते.

कथेत प्रियकराचा प्रवेश होतो तेव्हा मूल सहसा आजोळी किंवा वसतिगृहात असते. लेखकाची ही सोय आहे. चिखलोलीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ती नाही. तेथे पाळी संपवून आलेली आई, तिच्याहून धाकटा तो पुरुष आणि गृहपाठ करणारे मूल एकाच दिव्याखाली बसतात. आणि त्या पुरुषाला हाक मारण्यासाठी मुलाजवळ ‘काका’खेरीज शब्द नसतो.