वेल्डिंग फ्रेंचमध्ये, मग मराठीत का नको?



कॅनडात शिकायला जायचे वेड आता उसाच्या पट्ट्यातही शिरले आहे. पण तिथल्या ज्या कॉलेजांची आपल्याकडे सहसा कोणी चौकशी करीत नाही, त्यांच्याविषयी आम्हांला आज लिहायचे आहे.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू ब्रन्सविक हा प्रांत आहे. त्यातले जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचे लोक फ्रेंच बोलतात. त्यांतले बहुतेक अकेडियन. मासेमारी, लाकूडतोड नि थोडीफार शेती करून जगलेले. १७५५ पासून इंग्रजांनी या लोकांना घरादारातून हुसकून लावले. जे मागे परतले त्यांना पुढे कितीतरी पिढ्या सरकारदरबारी साहेबाचीच भाषा ऐकावी लागली. १९६९ साली प्रांताने कायदा करून फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीला बसवले.

आज तिथे सगळे शिक्षण फ्रेंचमधून देणारे सामुदायिक महाविद्यालय आहे. बाथर्स्ट, कॅम्पबेल्टन, डिएप, एडमन्स्टन आणि अकेडियन द्वीपकल्प अशा भागांत त्याची केंद्रे आहेत. वेल्डिंग, वीजकाम, सुतारकाम, रुग्णसेवा, हिशेबनिशी. कुठला कोर्स वर्षाचा, कुठला दोन वर्षांचा. पुढे उमेदवारी. वीजतंत्री व्हायचे तर साधारण चार वर्षे पगारावर काम करायचे आणि मधूनमधून काही आठवडे वर्गात बसायचे. शेवटी 'रेड सील'ची परीक्षा. ती फ्रेंचमध्ये देता येते, आणि तो शिक्का सबंध कॅनडात चालतो. आपल्या भाषेत शिकला म्हणून कारागीर हलका ठरत नाही, ही यातली खरी गोम.

कोणी म्हणेल, फ्रेंच ही जगाची भाषा, पुस्तकांना तोटा नाही. कबूल. पण ते लोक काही लाख, आणि २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे ८ कोटींच्या वर!

आपला पॅनमन घ्या. काचेवर नमुना घेऊन दाणा कसा धरतोय हे तो एका नजरेत सांगतो. हे ज्ञान कुठे लिहिलेले आहे? तो रिटायर झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. मशिनरीची पुस्तके इंग्रजीत, आणि वर्कशॉपमध्ये नवा आलेला पोरगा ती उघडायलाच बिचकतो. तो ढ नसतो हो, भाषेला भितो. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीतून अभियांत्रिकी शिकवायची वाट मोकळी केली. नुसत्या परवानगीने पुस्तके तयार होत नाहीत.

आणि ज्यांना पोराला पाठवायचेच आहे, त्यांनी जमीन गहाण टाकण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. फ्रेंच कॉलेजात फ्रेंच आल्याशिवाय वर्गात काही कळणार नाही. दुसरे, १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी इंग्रजी किंवा फ्रेंचची ठरावीक पातळी दाखवावी लागते, आणि कॉलेजच्या अनेक कोर्सेसना विषयाचीही अट आहे. एजंट हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

आमची सूचना अशी. हंगाम संपून मिल उघडली की दुरुस्तीच्या त्या महिन्यांत जुन्या फिटरांजवळ, पॅनमनजवळ एकेक लिहिता पोरगा बसवावा. ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्याची छपाई कारखान्याने करावी. येत्या वार्षिक सभेत आम्ही हा विषय मांडू. अनुमोदनाला उसाच्या भावाइतके नाही तरी चार हात वर यावेत.