न मोजलेले हसू

वाचकहो, सासू-सुनेची धुसफूस कोणत्या घरी नाही? तीच हसत हसत दाखवणारी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही हिंदी मालिका ‘स्टार वन’वर २००४ साली सुरू झाली. सतीश शहा, रत्ना पाठक-शहा असे कसलेले कलावंत. पण प्रेक्षकांचा आकडा कमी पडला आणि २००६ मध्ये ती थांबली. पुढे जुने भाग पुन्हा पाहून लोकांनी तिला डोक्यावर घेतले.

मग आकडा चुकला कुठे? तेव्हा मोजणीची यंत्रे मुख्यतः शहरांतल्या निवडक घरी असत. देशभरातली खेडी हिशेबात आली ती २०१५ साली. मंडळी, पायलीत पडते तेच धान्य मोजले जाते. दारी पाहणीवाला आला, तर आपली आवड मोकळेपणाने सांगा.