पडझडीचे प्रेक्षक

नामवंतांचे यश लोक पाहतात, पण त्यांची पडझड लोक लक्षात ठेवतात. व्यसन, मोडलेले संसार, मनाचे आजार, कर्जबाजारीपणा, एकाकी मृत्यू यांपैकी काहीही एखाद्या प्रसिद्ध नावाला चिकटले, की त्या माणसाच्या कामाबद्दल फारसे माहीत नसलेलेही त्याच्या आयुष्याबद्दल तावातावाने बोलू लागतात. हे कुतूहल समाजमाध्यमांनी जन्माला घातलेले नाही. 1935 मध्ये बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया' सुरू केले आणि 1971 मध्ये 'स्टारडस्ट' आले. या दोन्ही नियतकालिकांना वाचक मिळाला, तो मुख्यतः पडद्यामागे काय चालते याच्या ओढीमुळे. या ओढीत माया आहे, भीती आहे आणि थोडे क्रौर्यही आहे. ही सरमिसळ समजून घेतल्याशिवाय दोष कुठे द्यायचा ते कळत नाही.

मीनाकुमारीचे उदाहरण यात फार बोलके आहे. 'पाकीजा' 4 फेब्रुवारी 1972 रोजी प्रदर्शित झाला. चित्रपट वर्षानुवर्षे रखडलेला होता. शेवटच्या टप्प्यात मीनाकुमारी इतकी आजारी होती, की नृत्यांच्या काही दृश्यांत तिच्या जागी पद्मा खन्नाला चेहरा झाकून उभे करावे लागले. सुरुवातीला चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. 31 मार्चला, वयाच्या अवघ्या 38व्या वर्षी, यकृताच्या विकाराने ती मुंबईत वारली आणि त्यानंतर चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. पडद्यावरची रिळे तीच होती, अभिनय तोच होता. प्रेक्षकाला एक गोष्ट जास्त माहीत झाली होती, ती म्हणजे समोर नाचणारी बाई आता या जगात नाही आणि हे चित्रण चालू असताना ती खंगत चालली होती. त्याआधी दहा वर्षे, 1962 मध्ये, 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये तिने नवऱ्याचे प्रेम मिळवण्यासाठी दारूच्या आहारी जाणारी छोटी बहू रंगवली होती. पुढे तिचे स्वतःचे मद्यपान उघड झाले, तेव्हा लोकांनी भूमिका आणि माणूस यांची सांगड घालून टाकली. आजही तिच्याविषयी लिहिताना अनेकांना ही सांगड सोडवत नाही. परिणामी तिच्या कामाची बाजू झाकली जाते. 1962 च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पारितोषिकाची तिन्ही नामांकने एकट्या मीनाकुमारीची होती, हे किती जणांना ठाऊक असते?

अनोळखी माणसाच्या दुःखात एवढे गुंतायला होते, यामागे एक साधे मानसशास्त्र आहे. अमेरिकेत रेडिओ आणि दूरचित्रवाणी घरोघर पोहोचत असताना, 1956 मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी एका नव्या नात्याचे वर्णन केले. रोज दिसणारा, थेट डोळ्यांत पाहून बोलणारा कलावंत प्रेक्षकाला हळूहळू ओळखीचा वाटू लागतो. त्याच्या सवयी, हसणे, चिडणे प्रेक्षकाला पाठ होते. ही ओळख एकतर्फी असते. कलावंताला त्या प्रेक्षकाचा पत्ताही नसतो. पण तिच्यातून उमटणारी भावना खोटी नसते. आवडत्या नटाच्या निधनाची बातमी ऐकून ज्या घरात संध्याकाळी कुणी धड जेवत नाही, त्या घरातले दुःख खरेच असते. म्हणून या कुतूहलाला सरसकट विकृती म्हणणे अन्यायाचे होईल.

मात्र एकतर्फी ओळखीत जबाबदारी नसते. शेजारचा माणूस अंथरुणाला खिळला, तर त्याच्याकडे डबा पोहोचवावा लागतो, रात्री-अपरात्री डॉक्टर गाठावा लागतो. दूरच्या नामवंताच्या बाबतीत फक्त हळहळायचे असते. शिवाय त्या हळहळीत दिलासाही मिसळलेला असतो. पैसा, रूप, कीर्ती सगळे असून काय उपयोग, शेवटी सुख नाहीच, हे वाक्य मराठी घरांत नेमाने ऐकू येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस विल्स यांनी 1981 मध्ये मांडले होते, की ज्याचे स्वतःचे बरे चाललेले नसते, त्याला आपल्याहून वाईट अवस्थेतल्या माणसाकडे पाहून बरे वाटते. वरच्या मजल्यावरचा माणूस खाली आला, की खालच्याला आपले जगणे तेवढे अपुरे वाटत नाही. हा दिलासा मानवी आहे. त्याची किंमत मात्र ज्याचा आजार चघळला जातो त्याने मोजलेली असते.

ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कुंदनलाल सैगल यांचे मद्यपान रसिक जिव्हाळ्याने सांगतात. जणू तो त्यांच्या स्वराचाच एक भाग होता. गुरुदत्तच्या 1964 मधल्या अकाली मृत्यूनंतर, 1959 मध्ये साफ पडलेला 'कागज के फूल' त्याचे आत्मचरित्र म्हणून वाचला जाऊ लागला. पुरुष कलावंताची वाताहत झाली, तर ती प्रतिभेची किंमत ठरते. बाईची वाताहत झाली, तर तिच्या वागण्यातले कारण शोधले जाते.

परवीन बाबीच्या वाट्याला हेच आले. 'दीवार' 1975 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकले. 'अमर अकबर अँथनी', 'नमक हलाल' असे गाजलेले चित्रपट करत असतानाच, 1979 च्या सुमारास तिचे मन बिघडू लागल्याची लक्षणे जवळच्यांना दिसली. आपल्याला कुणी तरी मारणार आहे, अशी भीती तिला ग्रासू लागली. तिला स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले गेले, तिने मात्र ते कायम नाकारले. 1983 मध्ये ती देश सोडून गेली. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर ओळखीची कागदपत्रे दाखवता न आल्याने तिला अडवण्यात आले आणि रुग्णालयात ठेवण्यात आले. 1989 मध्ये ती मुंबईला परतली. यानंतर तिच्याविषयी जे छापून आले, त्यात दोनच विषय प्रामुख्याने होते. एक म्हणजे तिचे वाढलेले वजन आणि दुसरा म्हणजे मोठमोठ्या व्यक्तींवर तिने केलेले कटाचे आरोप. ज्या आरोपांत भयाची लक्षणे स्पष्ट दिसत होती, ते मनोरंजनाचा मजकूर म्हणून छापले गेले. संपादकांना आजार कळत नव्हता, असे मानणे कठीण आहे.

तिच्या आयुष्यावर चित्रपटही निघाले. एके काळी तिच्याशी प्रेमसंबंध असलेले महेश भट्ट यांचा 'अर्थ' 1982 मध्ये आला, तेव्हा ती अजून पडद्यावर काम करत होती. तिच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, भट्ट यांनीच लिहिलेला 'वो लम्हे' आला आणि 2022 मध्ये त्याच नात्यावर बेतलेली 'रंजिश ही सही' ही मालिका आली. तिन्ही वेळा कहाणी आली ती एकाच माणसाच्या आठवणींतून. त्यातला पहिला चित्रपट हिंदीतल्या उत्तम चित्रपटांपैकी एक आहे, यात शंका नाही. पण त्यातल्या आजारी स्त्रीची बाजू तिच्या तोंडून कधीच ऐकू आली नाही, हेही तितकेच खरे.

जानेवारी 2005 मध्ये जुहूतल्या तिच्या घराच्या दाराशी दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे तीन दिवस तशीच पडून राहिली, तेव्हा सोसायटीच्या लोकांनी पोलिसांना कळवले. 22 जानेवारीला दार उघडले गेले. तिला मधुमेह होता, पायाला गँगरीन झाले होते, घरात चाकाची खुर्ची होती. लाखो लोकांना तिचा चेहरा माहीत होता, आणि ती बरी आहे की नाही हे विचारणारे त्या तीन दिवसांत कुणी नव्हते.

आपली पडझड आपणच सांगितली, तर काय होते याचे उदाहरण मराठीत आहे. हंसा वाडकर यांनी 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर राम जोशी' यांसारख्या चित्रपटांतून नाव कमावले. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'ने तर पुण्यात मुक्कामच ठोकला. पुढे आपली कहाणी त्यांनी अरुण साधू यांना सांगितली. ती आधी 'माणूस' या नियतकालिकात आणि मग 1970 मध्ये पुस्तकरूपाने, त्याच चित्रपटाच्या नावाने, प्रसिद्ध झाली. दारू, घरातली ओढाताण, पुरुषांनी केलेली फसवणूक, स्वतःचे निर्णय आणि चुका यांतले काहीच त्यांनी झाकले नाही. वाचकांपैकी अनेकांनी ते पुस्तक सनसनाटीसाठी हातात घेतले असणार. पण वाचून झाल्यावर हाती उरते ती एका कष्टकरी बाईची हकीकत, जिच्या कमाईवर घर चालत होते आणि जिला त्या कमाईवर हक्क नव्हता. श्याम बेनेगल यांनी त्यावरून 1977 मध्ये 'भूमिका' केला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुतूहल तेच, पण सांगणारा बदलला की त्याचे समजुतीत रूपांतर होऊ शकते, हे या पुस्तकाने दाखवले. मराठीत असे लेखन आणखी व्हायला हवे होते.

याच्या अगदी उलट टोक 2020 मध्ये दिसले. 14 जून रोजी अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा वांद्र्यातल्या घरी मृत्यू झाला. टाळेबंदीमुळे लोक घरात अडकलेले होते, चित्रपटगृहे बंद होती, भविष्याची धास्ती होती. वृत्तवाहिन्यांनी या मृत्यूची रोजची मालिका केली. त्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या, वहीची पाने, खासगी संदेश पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाचले गेले. नैराश्य हे कारण अनेकांना पुरेसे वाटत नव्हते, कारण आजाराला खलनायक नसतो आणि खलनायकाशिवाय मालिका पुढे सरकत नाही. मग ती जागा त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला दिली गेली. काळ्या जादूपर्यंतचे आरोप तिच्यावर झाले. सप्टेंबरात ती अमली पदार्थविरोधी विभागाच्या कार्यालयात चौकशीला आली, तेव्हा अंतर राखण्याच्या त्या दिवसांत कॅमेऱ्यांचा घोळका अक्षरशः तिच्या अंगावर आला. 8 सप्टेंबरला तिला अटक झाली, 7 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्याच महिन्यात प्रेक्षकसंख्येचे आकडे फुगवल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांनी पुढे आणला आणि वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक मानांकने थांबवण्यात आली. ती थेट मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. घातपाताचा पुरावा मिळाला नव्हता.

या सगळ्याला बाजारच जबाबदार आहे, असे म्हणून प्रेक्षकाला सुटता येणार नाही. वाहिनीला दर मिनिटाला कळत नसले तरी दर आठवड्याला कळत होते, की लोक पाहत आहेत. दुसरीकडे, लोकांना हेच हवे असते, या युक्तिवादावर संपादकालाही सुटता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी दिलेल्या निकालात माध्यमांनी चालवलेले समांतर खटले हा न्यायदानातला हस्तक्षेप ठरवला. आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची म्हणून रंगवू नये, तिच्या खासगीपणावर घाला घालू नये, असेही न्यायालयाने बजावले.

या मर्यादांमागे केवळ सभ्यता नाही, जिवाचा प्रश्न आहे. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने 1947 ते 1968 या काळातली अमेरिकेतली आकडेवारी तपासून 1974 मध्ये दाखवून दिले, की वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर गाजवलेल्या आत्महत्यांनंतर आत्महत्यांचे प्रमाण वाढते. जितकी प्रसिद्धी अधिक, तितकी वाढ अधिक. ज्याचे मन आधीच खचलेले आहे, त्याच्यावर अशा तपशीलवार, पुनःपुन्हा दाखवलेल्या बातमीचा परिणाम होतो. भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची सूत्रे स्वीकारून सांगितले, की अशा बातम्या ठळकपणे मांडू नयेत, पुनःपुन्हा देऊ नयेत, पद्धत आणि ठिकाण यांचे वर्णन करू नये. सुशांतसिंहचा मृत्यू झाला तेव्हा ही सूत्रे जेमतेम नऊ महिन्यांची होती. ती परिषदेच्या अखत्यारीतल्या छापील माध्यमांसाठी होती, पण पडद्यावरच्या बातमीलाही ती लागू पडावीत एवढे तारतम्य दाखवायला कुणाची हरकत नव्हती.

या कुतूहलाची सर्वांत मोठी उणीव अशी, की ते सावरण्यापर्यंत पोहोचत नाही. दीपिका पदुकोण 2015 मध्ये आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे बोलली आणि त्याच वर्षी तिने मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली. उपचार घेऊन कामावर परतलेली, त्याविषयी संकोच न बाळगता बोलणारी ही बाई सामान्य रुग्णाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कारण पडझडीची कहाणी भीती शिकवते आणि बरे होण्याची कहाणी डॉक्टरचे दार दाखवते. पण औषधे वेळेवर घेणे, झोप सांभाळणे, समुपदेशकाकडे नियमित जाणे यात नाट्य नसते, म्हणून त्यावर विशेषांक निघत नाहीत. ते निघायला हवेत.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे 24वे कलम सांगते, की मानसिक आजारावर उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा इतर माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कायदा आरोग्यसंस्थेत उपचार घेणाऱ्यांपुरता बोलतो. संपादकांनी तोच नियम घरी असलेल्या, खचलेल्या, वयाने थकलेल्या कलावंतांनाही लावावा. आणि एखाद्या जुन्या खेळाडूचे वा नटीचे धडपडत चालतानाचे चित्रीकरण मोबाइलवर आले, तर वाचकांनी ते पुढे पाठवू नये.