केस जातायत? मग तेलवाल्याच्या आधी डॉक्टरकडे या

ओपीडीत असा पेशंट नेहमी येतो. वय बावीस ते तीस, डोक्यावर टोपी. तक्रार सांगतो ॲसिडिटीची, नाहीतर अंगाला खाज येण्याची. चिठ्ठी घेतो, उठतो, दारापर्यंत जातो आणि मागे वळून हळूच विचारतो, "सर, ते केसांचं पण काही होते का?" तोपर्यंत बरेच पैसे तेलात गेलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे तीन-चार वर्षं गेलेली असतात.

माझं भांडण तुमच्याशी नाही. ज्यांनी तुम्हाला हा प्रश्न दारात उभं राहून विचारायला लावला, त्यांच्याशी आहे. घरचे म्हणतात, पुरुषाच्या जातीला केसांची कसली काळजी. मित्र टपली मारतात. आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही हसतो. "टेन्शन घेऊ नका, झोप पूर्ण करा" म्हणून वाटेला लावतो. मीही सुरुवातीच्या काळात हेच केलं आहे. असा वाटेला लावलेला मुलगा घरी जात नाही, तो मोबाईलवरच्या तेलवाल्याकडे जातो. तेलवाला हसत नाही. तो ऐकून घेतो, फोटो मागवतो, रोज मेसेज करतो. त्याचा धंदा आमच्या हसण्यावर चालतो.

"टक्कल म्हणजे काही आजार नाही," हे मला मान्य आहे. "म्हणून ते डॉक्टरचं काम नाही," हे मान्य नाही. वाकडे दातही आजार नाहीत, तरी त्यांना तार लावायला आपण दातांच्या डॉक्टरकडेच जातो. जत्रेतल्या माणसाकडे नाही. आणि तिरोडा असो की आमगाव, मुलगी बघायला जाताना ज्या मुलाला टोपी काढायची धास्ती वाटते, त्याला "हे काही नाही" म्हणणं सोपं आहे. त्याला रात्री झोप लागत नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

आता मूळ मुद्दा. पुरुषांना पडणारं टक्कल बोअरच्या पाण्यानं, हेल्मेटनं किंवा शॅम्पू बदलल्यानं पडत नाही. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं. ज्यांची केसांची मुळं जन्मतःच त्याला संवेदनशील असतात, त्यांच्या कपाळावरची आणि टाळूवरची मुळं वर्षागणिक लहान होत जातात. जाड केसाचा पातळ केस होतो, पातळ केसाची लव होते. डोक्याच्या मागच्या भागातल्या मुळांवर हा परिणाम होत नाही, म्हणून तिथली झालर शिल्लक राहते. ही संवेदनशीलता वडिलांकडून येते तशी आईकडूनही येते. तेव्हा फक्त बापाच्या डोक्याकडे बघून अंदाज बांधू नका. हार्मोनशी असलेलं हे नातं अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवून दिलं होतं. वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असं त्यांना आढळलं. ऐंशी वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून पाण्याला दोष देतोय.

पाण्यावरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केसगळतीनं घाबरली होती. बायका, मुलं, म्हातारे, सगळ्यांचेच केस काही दिवसांत मुठीनं हातात येत होते. आधी संशय पाण्यावर गेला, नंतर तपासण्यांमध्ये शरीरात सेलेनियम खूप वाढल्याचं दिसलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. त्यातल्या अनेकांचे केस पुढे परत येऊ लागले. त्या बातमीनंतर आपल्याकडेही कानशिलावरचे केस विरळ झालेली मुलं गव्हाला घाबरू लागली. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. अचानक, काही दिवसांत, डोकंभर गळती झाली किंवा रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, तर कारण दुसरं असतं आणि तपासण्या लागतात. वर्षानुवर्षं कपाळ मोठं होत गेलं, तर ते नेहमीचं पुरुषी टक्कल. हा फरक सांगायलाच डॉक्टर लागतो. तेलाची बाटली सगळ्यांना एकच असते.

उपचार आहेत का? आहेत, आणि कंटाळवाणे आहेत. एक मिनॉक्सिडिल. मुळात ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून पुढे डोक्याला लावायचं औषध झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मंजूर झालं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळू शकतात. इथेच निम्मे लोक घाबरून बाटली फेकतात. थांबा, फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात.

दुसरी फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, १९९७ पासून टकलासाठी मंजूर. ती डीएचटी कमी करते. पाच वर्षांच्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या दहापैकी नऊ जणांचं टक्कल फोटोंमध्ये वाढलेलं दिसलं नाही. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत चारपैकी तिघांचं वाढलं. नीट वाचा: "नवं रान उगवलं" असं मी म्हणत नाही. आहे ते टिकणं, थोडं दाट होणं, ही खरी कमाई. म्हणून लवकर या. गुळगुळीत झालेल्या टाळूवर गोळी काही करत नाही.

"पण या गोळीनं पुरुषत्व जातं म्हणतात." हे मला चिठ्ठी लिहिण्याआधीच विचारा. सुरुवातीच्या अभ्यासांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्या शंभरांत साधारण चौघांना आल्या, साखरेची गोळी घेणाऱ्यांत दोघांना. बहुतेकांच्या गोळी थांबवल्यावर गेल्या, काहींनी त्या नंतरही राहिल्याचं सांगितलं आहे. उदासपणा आणि आत्महत्येचे विचार यांबद्दल युरोपच्या औषध नियामकानं २०२५ मध्ये ठळक इशारा दिला. आधी डिप्रेशन झालं असेल तर लपवू नका. घरात कोणी गरोदर असेल तर फुटलेली गोळी तिच्या हाती लागू देऊ नका. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा या गोळीनं जवळपास निम्म्यावर येतो, हे तपासणाऱ्या डॉक्टरला सांगा. हे सगळं मेडिकलच्या काउंटरवर कोणी सांगत नाही, म्हणून मित्राची गोळी मित्राला चालत नाही.

आणि दोन्ही औषधं बंद केली की काही महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. जो सांगत नाही, तो विकतोय.

कायद्याचंही बघा. औषध व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'जे'मध्ये जे विकार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची यादी आहे. टक्कल त्यात आहे, नवे केस उगवणंही आहे. तरी "९० दिवसांत नवे केस" दिसतच राहतं.

हेअर ट्रान्सप्लांटसाठी नागपूर-रायपूरची गाडी पकडणाऱ्यांना एवढंच सांगतो. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकानं एका बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट बसवून घेतले आणि दोन-तीन दिवसांत तो गेला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लिहावं लागलं की यूट्यूब बघून हे शिकता येत नाही. तेव्हा आधी विचारा: सुरी कोण धरणार, त्याची पदवी काय, भूल कोण देणार, इमर्जन्सीची सोय आहे का. "आजच ॲडव्हान्स भरा" असं उत्तर आलं तर परतीची गाडी पकडा. शिवाय ट्रान्सप्लांटनंतरही बाकीचे केस वाचवायला औषध लागतंच.

काहीच करायचं नसेल तर तेही पूर्ण ठीक आहे. टक्कल मिरवणाऱ्या माणसाला मी कधी औषध सुचवत नाही. पण तो निर्णय माहिती घेऊन झालेला असावा, लाजेनं नव्हे.

देवरी-सालेकसाकडून येणाऱ्यांनी नागपूर गाठायची गरज नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की त्वचारोग विभाग आलाच. येताना दोन-तीन वर्षांपूर्वीचा उजेडातला फोटो आणा, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहून आणा आणि लावलेल्या तेलांच्या बाटल्याही आणा, रिकाम्या असल्या तरी. केसांचं पहिल्यांदा सांगा, ॲसिडिटीचं नंतर बघू.