जर्मनीतला एक तालुका

३० वर्षं चिखलीच्या शाळेत भूगोल शिकवला, म्हणून निवृत्तीनंतर हौसेनं ‘नऊ दिवसांत पाच देश’ अशी एक सहल केली. आठवतं ते बसच्या खिडकीतून मान वाकडी करून पाहिलेलं, आणि रोज रात्री ताटात आलेला तोच राजमा. स्वित्झर्लंड संपून ऑस्ट्रिया कधी लागला, हे भूगोलाच्या बाईंना मोबाइल कंपनीच्या मेसेजवरून कळलं.

त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे श्टुटगार्टला गेले तेव्हा त्याला सांगितलं, ‘‘बाबू, मला बर्लिन नको, म्युनिक नको. नोर्डलिंगेनला ने.’’ तो चाटच पडला. तिथं राहूनही त्यानं नाव ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं, लोणारमुळे. लोणारला सहल नेली की मुलांना दरवर्षी सांगायचे, जगात असंच विवर आहे, आणि त्याच्या पोटात अख्खं गाव वसलंय. आपलं विवर जेमतेम पावणेदोन किलोमीटर रुंद. त्यांचं २४, म्हणजे एक काठ चिखलीला धरला तर दुसरा बुलढाण्याला.

चार दिवस राहिलो. गाव गोल, भोवती शाबूत तटबंदी, तटावर कौलारू छप्पर. पाऊस आला तरी फेरी मारता येते. मधोमध चर्चचा ९० मीटरचा मनोरा. त्याचा दगड दीड कोटी वर्षांपूर्वी ज्या उल्केनं हे विवर पाडलं तिच्या आघातातूनच घडलेला, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे! १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी त्या दगडातूनच उल्कापाताचा पुरावा काढला. तोवर ते विवर ज्वालामुखीचंच समजलं जायचं. लोणारचंही तेच झालं होतं. फक्त आपल्याकडे त्याआधीपासून लवणासुर राक्षसाची दंतकथा होती. रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासानं मनोऱ्यावरून पहारेकरी हाळी देतो. मी खिडकी उघडी ठेवून जागी राहायची, मुलगा घोरायचा.

पण खरी गंमत बेकरीत. साधा वाटोळा पाव. पुस्तकात त्याचं नाव ‘ब्रोट्शेन’, बर्लिनला ‘श्रिपे’, बव्हेरियात ‘झेमेल’, आणि श्वाबी लोकांत ‘वेकले’. नोर्डलिंगेन नकाशात बव्हेरियात, पण माणसं श्वाबी. आम्हाला हे समजावून सांगायला नको. बुलढाणा जिल्हा सरकारदरबारी एक, पण आपण घाटावरचे की घाटाखालचे हे आधी विचारतो. मलकापूरकडे कळण्याची भाकरी आणि बोलीत खानदेश; सिंदखेडराजाकडे बोलण्याला मराठवाड्याचा वास. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी काही गावांत निहाली बोलतात. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं अजून लागलेलं नाही. अजिंठा बघून येताना लोणारच्या काठावर तासभर फोटो काढून परतणाऱ्या पाहुण्याला यातलं काय दिसणार? आपण युरोपात जाऊन नेमकं तेच करतो, वर पैसे भरून.

आयुष्यात एकदाच जायचं, मग आयफेल टॉवर सोडायचा कसा, असं मैत्रिणी म्हणतात. खोटं नाही, सगळ्यांचा मुलगा काही तिकडे नसतो. तरी माझं म्हणणं, दहा दिवस असतील तर पाच दिवस तरी एकाच तालुक्यात काढा. जिथं आपल्या गावातली एखादी ओळखीची गोष्ट आहे, असा तालुका निवडा. कापूसवाल्यानं कापसाचा, विणकरानं मागाचा. तिथं विचारायला प्रश्न आपोआप सापडतात.

पहिल्या दिवशी मी बेकरीत पुस्तकी ‘ब्रोट्शेन’ मागितलं, तर काउंटरवरच्या बाईंनी मुकाट्यानं पिशवी दिली. चौथ्या दिवशी धीर करून ‘वेकले’ म्हटलं. बाई खुलल्या, काउंटरवर कोपर टेकून पाच मिनिटं भडाभडा बोलत सुटल्या. एक अक्षर कळलं नाही. मुलाकडे बघितलं, तर तोही खांदे उडवून हसत होता.