पुण्याचा हंगाम आणि आमची खुर्ची

धाकट्या बहिणीनं पुण्याहून यादी धाडलीय. ती तिथं बी.एस्सी. करते, फिजिक्स घेऊन. वसतिगृहात राहते. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार, मॅट्रिकवर थांबलेला. पाळी सुटल्यावर धक्क्यावर बसून यादी वाचली. हाताला लोखंडाचा गंज तसाच.

डिसेंबरात सवाई गंधर्व. १ जानेवारी, भीमा-कोरेगाव. ३ जानेवारी, सावित्रीमाई. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. ११ एप्रिल, जोतीबा. १४ एप्रिल, बाबासाहेब. पुण्याचा येता हंगाम सहा ओळींत. खाली तिनं लिहिलंय, "दादा, २८ ला पाळी बुडव पण ये. मी टेबलाशी उभी राहून लोकांना मराठीत प्रयोग समजावून देणार आहे."

टोळीत वाचून दाखवलं. एक जण बोलला, "१४ एप्रिलला जाऊ ना. बाकीचं समदं त्यांचं हाय. आपला काय संबंध?"

मी गप्प बसलो. कारण पहिल्यांदा मलाही तेच वाटलं होतं. आणि तेच चूक आहे, हे सांगायला हा कागद काळा करतोय.

दोस्तांनो, आपला राग खोटा नाही. मागं एकदा तिच्याकडं गेलो तेव्हा एका कार्यक्रमाची पाटी दिसली. 'सर्वांना मुक्त प्रवेश'. गेटवरच्या वॉचमननं माझी पाठपिशवी बघून विचारलं, "पार्सल कुणाचंय?" तो तरी काय करणार, पोटासाठी उभा. आत गेलो तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. भाषण सगळं इंग्रजीत. शेवटी आभार मानले ते पाहुण्यांचे, देणगीदारांचे, फुलवाल्याचेसुद्धा. मांडव ठोकणारे, खुर्च्या लावणारे, संडास धुणारी मावशी, यांचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. मुक्त प्रवेश म्हणजे खिडकीवर तिकीट नाही, एवढंच. जात, इंग्रजी, कपडे, बुडालेली मजुरी ही तिकिटं आम्हीच फाडायची.

कलेचं तर विचारूच नका. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूच्या आठवणीत सुरू केला. गाणं मोठं, त्यात वाद नाही. सूर कुणाच्या बापाचा नसतो. पण आमची हलगी, आमचा संबळ मंचावर चढला की 'लोककला' होतो, आणि आमच्या दारात वाजला की 'गोंगाट' होतो. हा कुठला न्याय?

हा सवाल जुना आहे. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्या. रानड्यांनी जोतीबांना बोलावलं. जोतीबांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक आमचे माणूस म्हणून हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत आमच्या दुःखाला जागा नाही, असा त्याचा मतलब. दीडशे वर्षं व्हायला आली, पत्र शिळं झालेलं नाही.

मग आपणही पाठ फिरवायची? इथंच आपली गल्लत होते. जोतीबांनी सभेला नकार दिला, विद्येला नाही. कलेलाही नाही. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं, दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. त्यांना दुसऱ्याच्या मांडवात शोभेची खुर्ची नको होती. आपण मात्र मांडव सोडला आणि आतली विद्याही तिथंच टाकून आलो.

आता विज्ञान दिनाकडं बघा. २८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामननी प्रकाशाचा शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून हा दिवस पाळतात. त्याच्या दोनच महिने आधी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. तिकडं पाण्यातून प्रकाश कसा फाकतो याचा शोध, इकडं तळ्यातलं पाणी पिण्याचा हक्क. आणि ऐका, १९२१ साली रामन बोटीनं विलायतेहून परतत होते. समुद्र निळा का, हे कोडं डोक्यात. त्यावरचं टिपण त्यांनी आमच्या मुंबई बंदरातून धाडलं. त्या बोटीतल्या पेट्या उतरवणारा हमाल कोण होता? तोही रोज तेच पाणी बघत होता. पाणी निळं का, हे त्याला कुणी विचारलं नाही. शाळेतच घेतलं नाही, विचारणार कुठून?

बहिणीनं खोडदची गोष्ट सांगितली. नारायणगावजवळ ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. मला वाटलं, काचेचं काही असेल. ती म्हणाली, "नाही दादा, पोलादी तारेची जाळी, वायर रोपवर ताणलेली." च्यायला! वायर रोप तर माझ्या हातातली वस्तू. कुठं तुटते, किती ताण घेते, मला विचारा. भरती-ओहोटी बघून बोट आत घेतात, म्हणजे चंद्राचं गणित आमच्या पाळीत रोज असतं. आम्ही अडाणी नाही. आमच्या अनुभवाला कुणी सूत्र दिलं नाही, एवढंच.

विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरत आलंय. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुकाचं दार लोकांना उघडत आलंय. हे पैसे कुणाचे? माचिसपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आम्ही कर भरतो. तेव्हा ही दुर्बीण आमचीही आहे. आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला नाव कुणाचं? सावित्रीमाईंचं. आईच्या घरात जायला लाजायचं कशाला?

थोडं आपल्याकडंही बघू. १४ एप्रिलला डीजेच्या भिंती उभारायला आपल्याकडं पैसे निघतात. एक साधी दुर्बीण घ्यायला निघत नाहीत. ज्याच्या नावानं नाचतो त्या माणसानं पुस्तकांसाठी घर बांधलं होतं.

म्हणून मागणी दोन्हीकडं आहे. संस्थांनी एक तरी कार्यक्रम मराठीत ठेवावा, मजूर मोकळा असेल त्या वेळी ठेवावा, आणि दुर्बीण घेऊन वस्तीत यावं. हलगीवाल्याला मानधन द्यावं, पत्रिकेत नाव छापावं. आणि आपण? यंदाच्या जयंतीत एका रात्रीचा डीजे बंद ठेवून पोरांना चंद्र दाखवू. चंद्र गावकुसाच्या आत-बाहेर बघत नाही.

२८ ला मी जाणार. पाळी बुडेल, मुकादम शिव्या देईल. टोळीतले तिघं तयार झालेत, '१४ एप्रिलला जाऊ' म्हणणाराही. वॉचमननं विचारलं पार्सल कुणाचं, तर सांगणार, त्या टेबलाशी उभी आहे ना, तिचा भाऊ आहे मी. आणि पुढच्या खुर्चीत बसणार.

तुम्हीही या. जयभीम.