होडीला रंग देण्यापूर्वी

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. तिथल्या मासेमारीवर आज अनेक घरांची चूल पेटते. उन्हाळ्यात पाणी उतरले की घरी बांधलेली लाकडी होडी काठावर पालथी घालून पूर्ण वाळू द्यावी. सुटलेला रंग खरवडावा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. खिळ्यांच्या खड्ड्यांत इपॉक्सी लांबी भरावी. भिंतीची लांबी पाण्यात सुटते. वाळल्यावर १२० नंबरने घासून प्रायमर द्यावा, मग २२० नंबर फिरवावा. उंचवटा तळहाताला कळतो. घासताना नाकातोंडाला फडके बांधावे. कुजलेली फळी मात्र लांबीने झाकू नये, बदलावी. त्या होडीत आपलीच माणसे बसणार आहेत.